छातीचा संसर्ग, रक्तातले आकडे आणि अँटिबायोटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छातीविकारांचा डॉक्टर. रात्री साडेनऊनंतर माझ्या फोनवर येणाऱ्या मेसेजांत एक प्रकार ठरलेला असतो. लॅब रिपोर्टचा फोटो, मधोमध ट्यूबलाइटचा झोत, एककाचा रकाना नेमका कापलेला, आणि खाली ‘डॉक्टर, सीआरपी ९६ आलाय, घाबरण्यासारखं आहे का?’ त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक सूचना आधीच. पेशंटला बसल्या जागी दम लागत असेल, ऑक्सिजन ९४च्या खाली दिसत असेल, ओठ निळसर झाले असतील किंवा तो असंबद्ध बोलत असेल, तर हे वाचत बसू नका. जवळचं हॉस्पिटल गाठा.

१. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे काय? दोन्ही एकच का?

दोन्ही वेगळे. सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, हे लिव्हरमध्ये तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढतं. १९३०मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते सापडलं, तेही न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून नावात ‘सी’. या टेस्टचा जन्मच न्यूमोनियातला आहे म्हणा ना.

प्रोकॅल्सिटोनिन, बोलताना पीसीटी, हे थायरॉइडमध्ये बनणाऱ्या कॅल्सिटोनिन हार्मोनचं कच्चं रूप. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. पण बॅक्टेरियाचा मोठा संसर्ग झाला की थायरॉइड बाजूला राहतं आणि लिव्हर, फुप्फुस, चरबी अशा सगळीकडच्या पेशी ते रक्तात ओतू लागतात. व्हायरसच्या आजारात शरीर इंटरफेरॉन नावाची जी प्रथिनं तयार करतं, ती या ओतण्याला लगाम घालतात. १९९३मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी गंभीर संसर्ग झालेल्या मुलांमध्ये हे वाढलेलं दाखवलं आणि तिथून ही टेस्ट रुळली.

वेगातही फरक आहे. पीसीटी तीन ते सहा तासांत चढू लागतं आणि संसर्ग आटोक्यात आला की रोज साधारण निम्मं होतं. सीआरपी उशिरा चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि उतरतानाही रेंगाळतो.

२. पांढऱ्या पेशी आणि ईएसआर तर आधीच केलेत. तेवढं पुरत नाही का?

पांढऱ्या पेशी स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही वाढतात आणि म्हाताऱ्या माणसात मोठा न्यूमोनिया असूनही नॉर्मल राहू शकतात. ईएसआर, म्हणजे लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग, इतका संथ बदलतो की अँटिबायोटिक रोज चालू-बंद ठरवायला तो कामाचा नाही. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तरीही करावीच लागते, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्ससाठी.

३. सीआरपी वाढलाय म्हणजे बॅक्टेरियाच ना? मग अँटिबायोटिक सुरू करायला हवं?

नाही. फ्लू, कोविड, संधिवात, गाऊट, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कॅन्सर, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, या सगळ्यांत तो चढतो. सीआरपी म्हणजे सोसायटीतला सायरन. कुठेतरी काहीतरी झालंय एवढं तो सांगतो, चोर की शॉर्टसर्किट ते सांगत नाही.

तरी आकडा किती मोठा आहे याला अर्थ असतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शनात, तपासूनही न्यूमोनिया आहे की नाही हे ठरत नसेल तर बाह्यरुग्णासाठी अशी विभागणी होती: २०च्या खाली अँटिबायोटिक देऊ नका, २० ते १०० दरम्यान चिठ्ठी लिहून ठेवा, पण आजार वाढला तरच औषध आणा असं सांगा, १००च्या वर द्या. ‘तपासूनही ठरत नसेल तर’ ही अट विसरायची नाही. आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत आणि इथे बरेच जण फसतात, त्यासाठी पुढचा प्रश्न.

४. एका लॅबचा सीआरपी ४.८ आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबचा ४८. एका रात्रीत दहापट?

दोन्ही रिपोर्टांवरचं एकक बघा. एकीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल आणि दुसरीकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. ४.८ आणि ४८ हा मग एकच आकडा झाला, आजार जागचा हललेला नाही. अशा ‘दहापट वाढी’वरून पेशंटला रातोरात शहरात हलवल्याचं मी पाहिलं आहे. गाडीभाडं गेलं ते गेलंच, वर सगळ्यांची झोप गेली.

पीसीटीत हा घोळ नाही. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर हे आकड्याने सारखेच.

आणि ‘एचएस-सीआरपी’ ही हृदयविकाराचा धोका मोजायची टेस्ट आहे. सीआरपीची ती भारी आवृत्ती समजून खोकल्यासाठी करू नका.

५. पीसीटी किती असेल तर काय समजायचं?

श्वसनसंसर्गाच्या अभ्यासांत वापरले गेलेले टप्पे असे (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये): ०.१च्या खाली बॅक्टेरियाची शक्यता फार कमी, ०.१ ते ०.२५ कमी, ०.२५ ते ०.५ शक्यता आहे, औषधाकडे झुकावं, ०.५च्या वर शक्यता दाट. हे जनरल वॉर्डात किंवा कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटसाठी. आयसीयूचा हिशेब वेगळा, तो प्रश्न १०मध्ये.

०.२४ आणि ०.२६ यांच्यात कुठलीही भिंत नाही. सकाळी घेतलेलं रक्त ०.२ दाखवतं आणि तोच माणूस रात्री थंडी वाजून तापाने फणफणला तर सकाळचा कागद शिळा झाला. सहा ते चोवीस तासांनी पुन्हा करायची असते, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते.

६. मग खोकला-ताप आला की आधी सीआरपी-पीसीटी करून घ्यावी का? लॅबवाला पॅकेज देतोय.

घेऊ नका. आधी डॉक्टरने शर्ट वर करून छाती तपासली पाहिजे, मिनिटाचे श्वास मोजले पाहिजेत, ऑक्सिजन आणि बीपी पाहिलं पाहिजे. मिनिटाला ३०च्या वर श्वास चालू असलेल्या माणसाचा सीआरपी कितीही येवो, त्याला ॲडमिटच करायचं. उलट नाक वाहतंय, घसा खवखवतोय, छाती स्वच्छ आहे, जेवण-खाण चालू आहे, अशा माणसाला टेस्टही नको आणि अँटिबायोटिकही नको. टेस्टचा उपयोग या दोघांच्या मधल्यांना.

पीसीटी सीआरपीच्या कित्येक पट महाग पडते. ‘फीवर पॅनेल’मध्ये ती आपोआप जोडलेली असेल तर का जोडली ते विचारा.

७. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया स्पष्ट आहे, पण पीसीटी ०.१२. अँटिबायोटिक टाळता येईल?

टाळू नका. अमेरिकेतल्या छातीविकार आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९मध्ये मिळून केलेल्या मार्गदर्शनात हे स्वच्छ लिहिलं आहे: लक्षणं न्यूमोनियाची आणि एक्स-रेत न्यूमोनिया, तर पहिल्या पीसीटीचा आकडा काहीही असो, अँटिबायोटिक सुरू करा. अमेरिकेतच न्यूमोनियाच्या १७००हून अधिक पेशंटांवर झालेल्या आणि २०१७मध्ये आलेल्या अभ्यासात व्हायरल आणि बॅक्टेरियल न्यूमोनिया अचूक वेगळे करणारा एकही आकडा सापडला नव्हता.

बारीक गोष्ट अशी की काही बॅक्टेरिया पीसीटी फारसं चढवतच नाहीत. मायकोप्लाझ्मा त्यातला नेहमीचा. कॉलेजचा मुलगा, आठवडाभर कोरडा खोकला, एक्स-रेत पसरट डाग, पीसीटी ०.०८. याला ‘व्हायरल आहे’ म्हणून घरी पाठवलं तर तो चार दिवसांनी अजून खोकत परत येणार.

८. सुरू करायला आकडा उपयोगी नाही म्हणता, मग या टेस्टवर पैसे का घालवायचे?

औषध बंद करण्यासाठी. हा या सगळ्या पानाचा गाभा आहे.

न्यूमोनियाचं औषध सुरू करणं सोपं असतं, तिथे कोणी भांडत नाही. अडतं ते बंद करताना. पेशंट तिसऱ्या दिवशी उठून बसतो, पोहे मागतो, ताप नाही. तरी डॉक्टरला वाटतं अजून दोन दिवस देऊ. नातेवाईक म्हणतात, आलोच आहोत तर पूर्ण बरं करूनच नेऊ. दोनाचे पाच होतात, पाचाचे दहा. उतरता पीसीटी या घासाघाशीत डॉक्टरच्या हातात एक कागद देतो.

हे काम मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी पुढे नेलं. २००४मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात छातीच्या संसर्गाचे २४३ पेशंट होते. नेहमीच्या पद्धतीत ८३ टक्क्यांना अँटिबायोटिक मिळालं, पीसीटी पाहून उपचार केलेल्यांत ४४ टक्क्यांना. २००६मध्ये आलेल्या अभ्यासात फक्त न्यूमोनियाचे ३०२ पेशंट होते. तिथे औषध सुरू सगळ्यांनाच बहुतेक झालं, फरक पडला तो दिवसांत: मध्यक, म्हणजे अगदी मधल्या पेशंटचा आकडा, १२ दिवसांवरून ५ वर आला. २००९मध्ये सहा स्विस हॉस्पिटलांतल्या १३५९ पेशंटांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात सरासरी ८.७ दिवसांचे ५.७ दिवस झाले आणि जुलाब, मळमळ, पुरळ असे औषधाचे त्रास २८ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. मृत्यू आणि गुंतागुंत वाढली नाही.

२०१८मध्ये १२ देशांतल्या २६ अभ्यासांमधल्या ६७०८ पेशंटांची माहिती एकत्र तपासली गेली. औषधाचे दिवस ८.१वरून ५.७ आणि तीस दिवसांतले मृत्यू १० टक्क्यांवरून ९ टक्के. औषध कमी देऊन माणसं जास्त दगावली नाहीत, किंचित कमीच दगावली.

९. पण अमेरिकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही असं वाचलं. कोणाचं खरं?

दोघांचंही. २०१८मध्ये अमेरिकेतल्या १४ हॉस्पिटलांत १६५६ पेशंटांवर केलेला प्रोॲक्ट नावाचा अभ्यास आला. पीसीटी गटात सरासरी ४.२ दिवस अँटिबायोटिक, दुसऱ्या गटात ४.३. फरक शून्य.

पण त्यात आलेले बहुतेक जण दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आणि ब्रॉन्कायटिसचे होते, न्यूमोनियाचे पाचात एक. आणि मुळात तिथले डॉक्टर चारच दिवस औषध देत होते! जुन्या स्विस अभ्यासांत तुलनेचा गट नऊ ते बारा दिवस औषध घेत होता. जिथे आधीच उधळपट्टी नाही तिथे बचत कुठून दिसणार? आपल्याकडे इंजेक्शनं सात दिवस आणि घरी जाताना वर सात दिवसांच्या गोळ्या हा शिरस्ता ज्या वॉर्डांत आहे, तिथे स्विस आकडे जवळचे वाटतात. जिथे पाच दिवसांत शिस्तीने थांबवतात तिथे पीसीटीवाचूनही चालतं, आणि ते मला जास्त आवडतं.

१०. बाबा आयसीयूत आहेत. एक दिवसाआड पीसीटी पाठवतात. बिल वाढवायला नाही ना?

आयसीयूत ही टेस्ट पुन्हा पुन्हा करण्याला आधार आहे. तिथला नियम असा: पीसीटी ०.५च्या खाली आलं, किंवा सर्वांत वरच्या आकड्यापासून ८० टक्के उतरलं, आणि पेशंट स्थिर असेल, तर अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार करा.

‘सर्वांत वरच्या’ हा शब्द धरून ठेवा. समजा आकडे असे आले: ६.४, ८.२, ४.३, २.६, १.५. शिखर ८.२. त्याचे २० टक्के म्हणजे १.६४. पाचव्या दिवशीचं १.५ त्याच्या खाली आहे, नियम लागू झाला. पण पुष्कळदा पहिल्या रिपोर्टपासून हिशेब धरतात: ६.४चे २० टक्के १.२८, मग १.५ ‘अजून जास्त’ ठरतं आणि महागडं इंजेक्शन आणखी दोन दिवस चालतं. हा घोळ मी स्वतःच्या केसपेपरवर केलेला आहे. सकाळच्या राउंडला एका सिस्टरने तो माझ्या लक्षात आणून दिला.

पुरावा म्हणाल तर २०१६मध्ये नेदरलँड्सचा १५७५ आयसीयू पेशंटांवरचा अभ्यास आला, त्यात हाच नियम वापरला होता: औषधाच्या दिवसांचा मध्यक ७ वरून ५ वर आला, अठ्ठावीस दिवसांतले मृत्यूही २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. ब्रिटनच्या ४१ आयसीयूंमधला २७६० पेशंटांचा अभ्यास २०२४च्या डिसेंबरात आला. तिथे बचत लहान होती, १०.७ दिवसांचे ९.८, पण मृत्यू वाढले नाहीत.

बिलाबद्दल म्हणाल तर डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘आजच्या आकड्याने तुम्ही काय बदलणार?’ उत्तर मिळालं तर टेस्ट सत्कारणी लागली. औषध तसंच चालू आणि टेस्टही तशीच चालू असेल तर मात्र ते नुसतं बिल.

११. लहानपणापासून ऐकलंय, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा नाहीतर जंतू निर्ढावतात. आता मध्येच थांबवा म्हणता?

स्वतःच्या मनाने थांबवू नका. पण ‘पूर्ण’ म्हणजे किती हे बदललं आहे. पूर्वी न्यूमोनियाला दहा-चौदा दिवस देत. आता साध्या न्यूमोनियात पेशंट सुधारत असेल तर पाच दिवस पुरेसे मानतात. फ्रान्समध्ये २०२१मध्ये आलेल्या अभ्यासात, ॲडमिट झालेले जे पेशंट तीन दिवसांत स्थिरावले, त्यांच्यात तीन दिवस औषध आणि आठ दिवस औषध यांत बरं होण्याच्या बाबतीत तीन दिवसांचं औषध कमी पडलं नाही.

जास्त दिवस औषध घेतल्याने जंतू जास्त मरतात असं नसतं. न्यूमोनियाचा जंतू गेलेला असतो आणि मागे राहिलेले आतड्यातले, त्वचेवरचे जंतू त्या औषधाला सरावत जातात.

टीबीला यातलं अक्षरही लागू नाही. तिथे सहा महिने म्हणजे सहा महिने. फुप्फुसातलं गळू, छातीत साठलेला पू, रक्तात गेलेला स्टॅफिलोकोकस जंतू यांचे कोर्सही लांबच असतात, आकडा उतरला तरी.

१२. आमच्या तालुक्यात पीसीटी होत नाही, फक्त सीआरपी. त्यावर चालेल?

औषध थांबवायला सीआरपी तेवढा पक्का नाही. प्रश्न १०मधल्या ब्रिटिश अभ्यासातच एक गट सीआरपीवर ठेवला होता, त्यांचे औषधाचे दिवस कमी झाले नाहीत.

सीआरपी वेगळ्या कामाला चांगला आहे: गाडी रुळावर आहे का हे पाहायला. न्यूमोनियात चौथ्या दिवशी तो पहिल्याच्या निम्म्यावर आला नसेल तर गुंतागुंतीची शक्यता वाढते. १८०चा चौथ्या दिवशी ७० झाला, उत्तम. १८०चा १६० झाला, तर प्रश्न १३ वाचा. आणि ताप गेला, श्वास शांत झाला, भूक लागली, तर सीआरपी ३० असला तरी औषध थांबवता येतं. शून्यावर येईपर्यंत गोळ्या गिळायच्या नसतात.

१३. चार दिवस इंजेक्शनं चालू आहेत आणि आकडा खाली येत नाही. अजून भारी अँटिबायोटिक लावावं?

आधी शोधा, मग बदला. छातीत पाणी किंवा पू साठलाय का, त्यासाठी सोनोग्राफी. थुंकी पाठवली होती का आणि रिपोर्ट काय आला. सलाइनची जागा लाल झालीय का, लघवीची नळी घातली आहे का. निदानच चुकलंय का: टीबी, फ्लू, गुठळी, कॅन्सरमागे दडलेला न्यूमोनिया.

माझ्या एका पेशंटचा पीसीटी तीन दिवस ५च्या आसपास अडून होता. फुप्फुस सुधारत होतं. शेवटी घरच्यांनीच सांगितलं की बाईंच्या पायाला जुनी जखम आहे आणि त्यावरची पट्टी ॲडमिट झाल्यापासून कोणी उघडलेली नाही. उघडली, आत पू. औषध बदललं नाही, जखम साफ केली. दोन दिवसांत आकडा पडला.

१४. मला सीओपीडी आहे. दर हिवाळ्यात दम वाढला की पाच दिवस अँटिबायोटिक घेतो. दर वेळी लागतंच का?

दर वेळी नाही. ब्रिटनमध्ये ६५३ सीओपीडी पेशंटांवर २०१९मध्ये आलेल्या अभ्यासात, डॉक्टरने दवाखान्यातच बोटातून थेंब घेऊन सीआरपी पाहिला. तिथे ५७ टक्क्यांनी अँटिबायोटिक घेतलं, टेस्ट न केलेल्यांत ७७ टक्क्यांनी. तब्येतीत पहिला गट मागे पडला नाही. त्यांचा ठोकताळा: २०च्या खाली अँटिबायोटिकचा फायदा संभवत नाही, २० ते ४० असेल आणि बेडका पिवळा-हिरवा झाला असेल तर फायदा होऊ शकतो, ४०च्या वर होण्याची शक्यता जास्त.

बेडक्याचा रंग फुकट कळतो. सकाळी बेसिनमध्ये थुंकायच्या आधी पांढऱ्या टिश्यूवर बघत चला. पंप मात्र आकडा काहीही आला तरी चालूच.

१५. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, पीसीटी नॉर्मल. म्हणजे काळजी नाही?

काळजी आहे. टीबीत पीसीटी बहुतेकदा कमीच असतो. आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकीची टीबी तपासणी, मग रक्ताचे रिपोर्ट कसेही असोत. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. त्यासाठी ठिकठिकाणी वापरलं जाणारं ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं.

सीआरपीची गोष्ट उलटी. टीबीत तो बऱ्याचदा वाढतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांमध्ये टीबी चाळून काढायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१पासून सीआरपी सुचवला आहे, ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर पुढची तपासणी. निदान मात्र थुंकीवरच.

टीबीची शंका असताना लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ‘देऊन बघू’ म्हणून घेऊ नका. त्याने टीबीचे जंतू अर्धवट दबतात, आठ-दहा दिवस बरं वाटतं, सीआरपीही उतरतो आणि निदान महिन्याभराने पुढे जातं. तोवर घरातली मुलं त्याच खोलीत झोपत असतात.

१६. कोविडमध्ये सगळ्यांचे सीआरपी शंभरच्या वर होते आणि सगळ्यांनी अँटिबायोटिक घेतलं. ते चूक होतं?

बहुतेकांना त्याची गरज नव्हती. कोविडमध्ये सीआरपी भरपूर चढायचा, पीसीटी बहुधा खालीच राहायचा. आकड्यांचं हे अंतर त्या वेळी उपयोगी ठरलं. मात्र आजार फार बळावला की बॅक्टेरिया नसतानाही पीसीटी वाढायचा. फ्लूतही साधारण हेच. फक्त फ्लूनंतर चार-पाच दिवस बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर मागून बॅक्टेरिया आलेत का हे पाहावं लागतं, आणि तिथे वाढलेला पीसीटी मोलाचा.

१७. बॅक्टेरिया नसताना पीसीटी कधी वाढतो?

मोठं ऑपरेशन, मोठा अपघात, भाजणं, उष्माघात, हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेलं असणं: यांत पहिले एक-दोन दिवस वाढतो. डायलिसिसच्या पेशंटचा एरवीच ०.५च्या आसपास असू शकतो, म्हणून त्यांचा बरं असतानाचा रिपोर्ट जपून ठेवा. नवजात बाळात पहिले दोन-तीन दिवस तो निसर्गतःच चढलेला असतो. थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या आणि फुप्फुसाच्या स्मॉल सेल प्रकारच्या कॅन्सरमध्येही वाढतो.

आणि पावसाळ्यात मलेरिया विसरू नका. मलेरियात पीसीटी चांगलाच चढतो. ताप, थोडा खोकला, पीसीटी ४, म्हणून सगळे न्यूमोनियामागे लागतात आणि स्मिअर, म्हणजे मलेरियासाठी काचेवर पसरून पाहायचा रक्ताचा थेंब, कोणी बघितलेलाच नसतो.

१८. आणि बॅक्टेरिया असूनही आकडा कमी कधी?

ताप येऊन दोनच तास झालेत तेव्हा. पू एका जागी कोंडलेला असेल तेव्हा, म्हणजे फुप्फुसातलं गळू किंवा छातीतला कप्पेबंद पू. मायकोप्लाझ्मासारख्या जंतूंमध्ये (प्रश्न ७). आधीच अँटिबायोटिक सुरू असेल तर (प्रश्न २०).

सीआरपीला आणखी दोन खोड्या आहेत. लिव्हर पार निकामी असेल तर तो चढू शकत नाही, कारण बनतो तिथेच. आणि टोसिलिझुमॅब हे संधिवातात आणि कोविडमध्ये वापरलेलं इंजेक्शन ज्या संदेशावर लिव्हर सीआरपी बनवतं तो संदेशच अडवतं. ते घेतल्यावर पुढचे काही आठवडे सीआरपी गोड गोड नॉर्मल येतो, आत काहीही चालू असो. स्टेरॉइडनेही सीआरपी दबतो, पीसीटी त्यामानाने कमी.

१९. तीन वर्षांच्या मुलाचा सीआरपी ३५ आहे. अँटिबायोटिक द्यावं?

आकड्यावर नाही. मुलांमध्ये व्हायरल तापातही ३५ सहज येतो. बाळ शांत असताना त्याचा शर्ट काढा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, मोबाइलवर वेळ लावून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने दोन महिन्यांच्या आत ६०, दोन ते अकरा महिने ५० आणि एक ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगवान. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, आपल्याकडे म्हणतात तसं पोट उडत असेल, किंवा बाळ पीत नसेल, तर लगेच डॉक्टर. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही.

२०. मेडिकलमधून दोन दिवस गोळ्या घेतल्या, मग टेस्ट केली. रिपोर्ट नॉर्मल आला. आता काय खरं धरायचं?

दोन्ही शक्यता उरतात: गोळ्यांनी आकडा उतरला, किंवा मुळातच वाढलेला नव्हता. कोणती ते रिपोर्ट सांगू शकत नाही, आणि थुंकीच्या कल्चरमध्येही जंतू उगवण्याची शक्यता कमी झालेली असते. म्हणून डॉक्टरला गोळ्यांचं खरं सांगा. रागावतील, पण पुढचा हिशेब नीट लागेल.

मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात. लिव्होफ्लॉक्सासिन, सेफिक्सिम अशी औषधं २०१४पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे दुकानदाराने पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं. पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

२१. या टेस्टला उपाशी जावं लागतं का?

नाही. चहा पिऊन जा.

२२. रिपोर्टचा फोटो तुम्हाला कसा पाठवू?

दिवसाउजेडी, खिडकीजवळ, कागद सपाट ठेवून. नाव, तारीख, रक्त घेतल्याची वेळ, आकडा आणि एकक हे पाचही दिसले पाहिजेत. आधीचा रिपोर्ट असेल तर तोही शेजारी, कारण एका आकड्यावरून मला फार थोडं कळतं. चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्यांचा फोटो. आणि खाली टाइप करून तीन गोष्टी: ताप किती, मिनिटाला श्वास किती, आज काय खाल्लं. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण ‘दीड भाकरी आणि पिठलं’ असं उत्तर आलं की बाकीचे आकडे मी जरा निवांत वाचतो.